होळीत न जळलेली फाईल

व्यायामशाळेच्या दारात बसवलेला नाडी नावाचा यंत्रमानव भारी गप्पिष्ट. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं मनगट धरायचा, "ठणठणीत आहेस, पळ!" म्हणायचा आणि वर एखादा शिळा विनोद ऐकवायचा. त्या दिवशी केतकी माने हिचं मनगट धरल्यावर मात्र तो गप्पच झाला.

"केतकी, तू बारा वर्षांची," तो शेवटी म्हणाला. "मग तुझं हृदय एवढं दमलेलं का?"

केतकीने झटकन हात मागे ओढला. जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि दोरीच्या मल्लखांबात अख्ख्या मिरजेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेले दोन महिने वर पोचता पोचता तिला धाप लागायची, पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. तिने हातापाया पडून पाहिलं, तरी नाडीने तिला आत सोडलं नाही, उलट तिच्या बाबांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला डॉ. शमीम सतारमेकर यांच्याकडे घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेल्या या हृदयतज्ज्ञांना सगळी मुलं डॉक्टरआजी म्हणत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडल्या. यांनी मात्र हृदयदालन घडवलं होतं.

केतकी दालनातल्या खुर्चीत बसली. आजींनी तिच्या छातीला पातळशी पट्टी चिकटवली, दिवा मालवला आणि खोलीच्या मधोमध तिचं हृदय उभं राहिलं. छताला टेकलेलं, तांबूस प्रकाशाचं आणि जिवंत! ते आवळायचं, सैलावायचं, पुन्हा आवळायचं. बाबांनी नकळत पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"हे माझं?" केतकीने विचारलं.

"तुझंच गं. तू पोटात आहेस हे आईला नीट कळायच्या आधीपासून हे चालू आहे. दिवसाला लाखभर ठोके, सुट्टी नाही." मग आजी बाबांकडे वळल्या. "हिला पूर्वी काही मोठा आजार?"

"काही नाही," बाबा सवयीने म्हणून गेले. मग त्या धडधडणाऱ्या प्रकाशाकडे पाहत त्यांनी मान खाली घातली. "पाच वर्षांची असताना रक्ताचा कर्करोग झाला होता. पण तो पार बरा झालाय हो! त्याचा हृदयाशी काय संबंध?"

"तेच तर कोडं आहे. लाल औषध दिलं होतं?"

"हो," केतकी म्हणाली. तिला ते आठवत होतं. सरबतासारखं लाल, नळीतून थेंब थेंब येणारं.

"त्या औषधाने तुला वाचवलं, हे आधी लक्षात ठेव," आजी म्हणाल्या. "कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, औषध त्यांना मारतं. पण ते रक्तातून हृदयातही जातं आणि तिथल्या तंतुकणिकांना (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या इवल्याशा भट्ट्यांना) इजा करू शकतं. त्वचा खरचटली की नव्या पेशी येतात. हृदयाच्या स्नायूत त्या जवळजवळ येतच नाहीत. जन्मापासूनच्याच बहुतेक पेशी आयुष्यभर राबतात. म्हणून इजा झाली तर ती कधी कधी कित्येक वर्षांनी दिसते. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण तपासत राहावं लागतं."

केतकी आ वासून बघत राहिली. पाच वर्षांची, केस गेलेली ती मुलगी ज्या पेशींवर जगली, त्याच समोर अजून राबत होत्या. तिला एकदम त्यांची माया आली.

"औषध एकूण किती दिलं, त्यावर धोका ठरतो," आजी म्हणाल्या. "फाईल कुठाय?"

बाबांचा चेहरा पडला. "होळीत टाकली. म्हटलं, ब्याद जाऊ दे घरातनं. पोरीला पुन्हा त्या आजाराचं नावसुद्धा ऐकू येऊ नये."

मग बाबा हळूहळू बोलू लागले. पहिल्या डोसची तारीख, त्याचं माप. दुसऱ्याची. तिसऱ्याची. सहाच्या सहा, कुठेही न अडखळता. "जाळली खरी," ते डोळे पुसत म्हणाले, "पण विसरलो कुठं?"

केतकीने त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, मीपण लपवलं. दोन महिने धाप लागतीय मला. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

आजींनी दोघांकडे पाहिलं. "माझे अब्बा सतारीच्या भोपळ्यावर टिचकी मारून ऐकायचे. तडा दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचा, आणि तेव्हाच सांभाळला तर भोपळा टिकायचा. आपणही वेळेत ऐकलंय. आजपासून गोळ्या, हलका व्यायाम आणि दरवर्षी इथे हजेरी. या वर्षीची स्पर्धा मात्र नाही."

केतकी रडली, चांगली हमसून रडली. समोरचं हृदयही तिच्याबरोबर भरभर धडधडलं, आणि ते पाहून तिला रडता रडता हसू आलं.

वर्षभराने नाडीने तिचं मनगट धरलं. "ठणठणीत आहेस, पळ!" तो म्हणाला आणि त्याचा शिळा विनोद आज तिला भलताच आवडला. डॉक्टरआजींची चिठ्ठी घेऊन बाबा आत स्पर्धेचा अर्ज भरत होते. 'पूर्वीचे आजार' या रकान्यापाशी ते थांबले. मग मोठ्या, ठसठशीत अक्षरांत त्यांनी सगळं लिहिलं आणि जागा पुरेना म्हणून कागद उलटला.