दहा मिनिटांची अट

रविवारी दुपारी अडीच वाजता गौतमीने पुण्याजवळच्या सूसमधल्या सोसायटीतून गाडी बाहेर काढली, तेव्हा तिच्या डोक्यात भुताखेतांचा विचार नव्हता. विचार होता तो शेखर सरांचा. शेखर सर म्हणजे तिचे साहेब. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून, न रागावता, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, "दोनदा झालं नाही. आता स्वतः जा आणि समोर बसून कर. या वेळी मला कारण नको, नवं व्हर्जन हवं." नोकरी लागून पाचच महिने झाले होते, कायम व्हायची होती. तेव्हा 'रविवारी सुट्टी असते' वगैरे म्हणायची सोय नव्हती.

काम तसं किरकोळ. मुळशी धरणाच्या पाण्याला लागून एका कंपनीचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या सगळ्या संगणकांच्या दारात एक फायरवॉल बसवलेली आहे. बाहेरून कोण आत येतं, आतून कोण बाहेर जातं, यावर नजर ठेवणारी पेटी. तिचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, नवं चढवायचं होतं. गौतमीने पुण्यात बसून ते दोनदा चढवलंही होतं. दोन्ही वेळा पेटीने 'यशस्वी' म्हणून सांगितलं, नवं व्हर्जन दाखवलं, आणि जरा वेळाने बघावं तर पुन्हा जुनंच! चूक दाखवली नाही, की कुठे एक लाल अक्षर नाही. बिघडल्यावर ओरडणारं यंत्र परवडतं. हे गप्प राहून फसवत होतं, आणि गौतमीला त्याचा मनापासून राग आला होता.

भुकूम मागे पडलं, कासार आंबोलीचा फाटा गेला. पौडच्या पुढे ढग रस्त्यावर उतरायला लागले. सप्टेंबर संपत आला होता आणि धरण काठोकाठ भरलं होतं. ती केंद्राच्या फाटकाशी पोचली तेव्हा सव्वातीनच वाजले होते, पण गाडीचे दिवे लावावे लागले होते.

रविवारी केंद्र बंद असतं. फाटकात गोजराबाई चाव्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. साठीच्या, काटक, तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या.

"पेटीचं काम हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी. तासाभरात होईल."

"व्हऊ द्या. म्या सकाळधरनं वाट बगतीया."

पेटीची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. एकच खिडकी, तीही कायमची बंद, आणि काचेपलीकडे पन्नास पावलांवर पाणी. आत पंख्यांची घरघर, गार हवा, तापलेल्या तारांचा वास. कोपऱ्यात पेटीला जोडलेला जुना मॉनिटर आणि कीबोर्ड होता. गौतमीने खुर्ची ओढली आणि काम सुरू केलं. गोजराबाई गेल्या नाहीत. दाराबाहेर भिंतीला टेकून बसून राहिल्या.

तीन बत्तीसला पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. नवं व्हर्जन. या वेळी गौतमीने ठरवलं होतं, जागचं हलायचं नाही, पापणी लवू द्यायची नाही.

पहिली दोन मिनिटं काही नाही. मग वास आला. गाळाचा. धरणाचं पाणी ओसरल्यावर काठाला उघडा पडतो तो काळा, कुजका गाळ. पण खिडकी बंद होती, आणि पाणी तर काठोकाठ होतं. तिने नाकाला ओढणी लावली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. चप्... चप्... ओल्या चपला घालून कुणीतरी चालत होतं. पाण्याच्या बाजूने. घाई नाही, थकलेलं पाऊल. ते पायऱ्या चढलं, मागच्या व्हरांड्यात आलं.

दाराबाहेर गोजराबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे व्हरांड्याकडे लागले होते.

तीन बेचाळीस. पंख्यांचा आवाज एकदम खाली गेला, पेटी आपण होऊन बंद झाली, आपण होऊन सुरू झाली. पडद्यावर जुनं व्हर्जन. आणि पावलं थांबली. लांब गेली नाहीत. एक पाऊल पडलं, दुसरं पडलंच नाही.

गोजराबाई मटकन खाली बसल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

गौतमीने पेटीच्या नोंदी उघडल्या. पुण्यातून कधीच न दिसलेली एक ओळ तिथे होती. 'दहा मिनिटांत खात्री मिळाली नाही. होतं तसं केलं. अट घालणारा : किशोर.'

"मावशी... हा किशोर कोण?"

"माजा ल्योक," गोजराबाई म्हणाल्या. "ही पेटी त्यानंच बसवली. तुमच्याच हापिसात हुता."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जपून काम करणारी माणसं असा मोठा बदल करताना पेटीला आधी एक अट घालून ठेवतात : दहा मिनिटांत मी 'हो' म्हटलं नाही, तर सगळं होतं तसं कर. म्हणजे काही फसलंच तर अडकून पडायला नको. मग पुण्याला फोन करायचा, तिकडून सगळं चालतंय का विचारायचं, आणि परत येऊन 'हो' म्हणायचं. किशोर असाच जपून काम करणारा होता, आणि ही 'हो'ची गोष्ट त्याने आईलाही सांगितलेली होती. दोन वर्षांपूर्वी, अशाच भरल्या पाण्याच्या दिवसांत, त्याने अट घातली आणि फोन करायला बाहेर पडला. केंद्रात मोबाइलला रेंज नाही. ती मिळते फक्त खाली, पाण्याकाठच्या खडकावर. 'आई, दहा मिंटात आलोच,' असं त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं होतं. खडकावर त्याचा फोन सापडला. तो सापडला नाही.

"तुमी पुण्यातनं दोन डाव केलं ना, तवाबी आलता," गोजराबाई सांगत होत्या. आवाज इतका खाली गेला होता की गौतमीला वाकून ऐकावं लागत होतं. "पयल्या डावाला नुस्तं डोकं वर निगालं. दुसऱ्याला खडकावर बसला. आज वर आला. आन् मग... माघारी. चालत न्हाई जात, ताई. वडल्यावानी जातोय."

गौतमीने पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिलं.

"दर डावाला त्यो पुन्ना बुडतोय," त्या म्हणाल्या. "तुमी बुडवताय त्याला. एक तर 'व्हय' म्हना, न्हाईतर त्या पेटीला हात लावू नका."

शहाण्या माणसाने गाडीत बसून निघून जावं अशी ती वेळ होती. पण गौतमीने कामाच्या माणसाने करावं तसं केलं. किशोरचं नाव पेटीतून काढून टाकलं, अट पुसली, आणि पुन्हा अपग्रेड चालवलं. पेटी सुरू झाली तेव्हा नाव जागेवर होतं आणि अटही. फक्त या वेळी पडद्यावर प्रश्न आला होता. 'बदल कायम करायचा?' शेजारी मिनिटं उलटी मोजली जात होती.

पुन्हा गाळाचा वास. पुन्हा पाऊल. व्हरांडा. बोळ. ओल्या चपलेखाली फरशी करकरली. मध्येच थांबून कुणीतरी खोकलं, पोटातून पाणी यावं तसं. गोजराबाईंनी गौतमीचा हात धरला. त्यांचा तळवा तापलेला होता. त्या नुसतं तिच्याकडे बघत राहिल्या, आणि आयुष्यात कुणी आपल्याकडे असं बघू नये असं गौतमीला वाटलं.

नववं मिनिट संपताना तिने एंटर दाबला.

पेटी चालूच राहिली. पावलं दारात आली. गौतमीने मान वळवली नाही.

"आलास?" गोजराबाईंनी विचारलं.

"फोन लागला न्हाई, आई..." मागून आवाज आला. तरुण, घोगरा. "लई येळ झाला का?"

"न्हाई रं. आत्ता तर गेला हुतास."

आणि तेवढ्यात पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा आला. पुन्हा दहा मिनिटं. एकदा 'हो' म्हटलं की पेटी पुन्हा विचारत नाही. ही विचारत होती. दहा मिनिटांनी आणखी एकदा विचारलं, तेव्हा गौतमीचा धीर सुटला. तिने गोजराबाईंना एंटरची कळ दाखवली. "हा आकडा संपायच्या आत ही दाबायची, मावशी. मी उद्या यावर काहीतरी बघते." हे तिने दयेपोटी केलं की पळून जाण्यासाठी, ते तिचं तिलाही कळलं नाही. नजर खाली ठेवून ती बाहेर पडली. फरशीवर आत येणाऱ्या ओल्या पावलांची रांग होती.

पौडला येता येता शेखर सरांचा फोन. "झालं की गं! टिकलं या वेळी. शाब्बास." गौतमीने गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडून घेतलं.

उद्या काही बघणं झालं नाही. पेटीला हात लावायची तिची हिंमतच होत नव्हती. घरी बसून ती फक्त नोंदी बघत होती; आता त्या पुण्यातूनही दिसत होत्या. दर दहा मिनिटांनी एक 'हो'. सोमवारी पहाटे, सोमवारी दुपारी, रात्रभर, मंगळवारी दिवसभर. एकही चुकला नव्हता. म्हणजे कुणीतरी झोपलं नव्हतं, आणि ते कोण हे गौतमीला पक्कं माहीत होतं. बुधवारी सकाळी तिने रजा टाकली आणि गाडी काढली.

"मावशींचं काहीतरी बिनसलंय," केंद्राचे व्यवस्थापक वैतागून म्हणाले. "स्वयंपाक सोडला. त्या खोलीत आतून कडी लावून बसतात. तुम्हीच सांगून बघा."

गौतमीची हाक ऐकून कडी निघाली. गोजराबाईंचे डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, उजव्या हाताचं बोट आपोआप हलत होतं. पण तोंडावर आनंद मावत नव्हता. खोलीत आता दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीच्या खळग्यात पाणी साचलं होतं.

"कुठे आहे तो?"

"हितंच हाय की," गोजराबाई म्हणाल्या. "तुमास्नी दिसत न्हाई?" मग खूप लाजल्यासारख्या म्हणाल्या, "ताई, धा मिंटं बसता का हितं? डोळा लागला तर... लई भ्या वाटतंया मला."

त्या फरशीवर आडव्या झाल्या आणि तिथल्या तिथे झोपल्या.

गौतमी पडद्यासमोर बसली. आकडा खाली येत होता. सात मिनिटं, पाच, तीन. खाली झोपलेल्या बाईचा श्वास अडकत होता. आणखी दोन दिवस हे असंच चाललं तर ही बाई जगणार नाही, एवढं तिला दिसत होतं. तिने मनाशी ठरवलं. उठल्यावर मावशी शिव्या देतील, छाती पिटतील, जन्मभर तोंड बघणार नाहीत, पण जगतील. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक मिनिट. "मला माफ कर," ती कुणाला म्हणाली कोण जाणे.

वीस सेकंद. गाळाचा वास दाटला.

आठ. सात.

तिच्या उजव्या खांद्यावरून एक हात पुढे आला. पांढरा पडलेला, फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेला, नखांत काळा गाळ. त्याने एंटर दाबला, अगदी सवयीने.

म्हणजे त्याला कळ दाबता येत होती. मग तीन दिवस, तीन रात्री या बाईला का जागवलं?

"आईला उठवू नका, म्याडम..." कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं. "झोपू द्या. आता तुमी हाय न्हवं."

हात मागे गेला. पडद्यावर पुन्हा दहा मिनिटं सुरू झाली होती.