न्हाणीतला टीव्ही

आधीच सांगते, हिरू. मी आता सांगणार त्यातला एक शब्द जरी खरा मानून दाखवलास ना, तर तुझी ही चाळण चांदीची कड लावून परत देईन. नाय मानणार तू. या मोतीबाईचं कोण खरं मानतं? विचार लोधिवलीत कुणाला पण. तुझ्या सासूच्या लग्नात मुंडावळ्या बांधून मांडवात बोकड सोडला, तो मीच. दोन बायका आरती घेऊन पुढं झाल्या होत्या त्याला ओवाळायला! अजून तुझी सासू माझ्याशी सरळ बोलत नाय.

चाळण न्यायला आलीस आणि विचारतेस, "आजी, तुमचा टीव्ही न्हाणीत कसा?" नवी नवरी हायस म्हणून विचारलंस. बाकीचे नुसते हसतात. म्हणतात, म्हातारीला येड लागलंय. बस अशी. दिवा लावते. अजून उजेड हाय, पण लावलेला बरा.

ही न्हाणी सहा-सात वर्सांमागं बांधली. त्याआधी मागच्या दारी एक दगड, तीन बाजूंनी झावळ्यांची झापं, झाली न्हाणी. माझ्या सासूला, सोनुबाईला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसायचं काय नाय. आमचे हे तेव्हा खोपोलीला कारखान्यात जायचे. म्हणाले, "आयला आता नीट न्हाणी पायजे. पडली-बिडली तर?" विटा आणल्या, शहाबादी लादी आणली. दाराला कडी, कोपऱ्यात पाणी तापवायची चूल, वर सामानाला फळी. जुना दगड मात्र म्हातारीनं टाकू दिला नाय. तो आत बसवून घेतला.

आणि त्याच दिवाळीला ओटीवर टीव्ही आला. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. शनवारी मराठी सिनेमा लागला की ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. म्हातारीला दिसायचं नाय, ती पेटीला कान चिकटवून बसायची. पोरं ओरडायची, "आजी, डोकं काढ गं, हिरोईन दिसत नाय!" ती म्हणायची, "तुमी बघा रं बाजूनं. मला कुठं दुसरा कान हाय?"

तिला दोन पोरगे. धाकटे आमचे हे, नामा. थोरला चांगो. मी लग्न होऊन आले तेव्हा चांगो घरात होता. मोठा गमत्या माणूस. त्याची एक खोड होती. आंघोळ झाली की तांब्या पालथा करायचा आणि त्या दगडावर तीनदा ठोकायचा. ठक, ठक, ठक. म्हातारी चुलीपासनं ओरडायची, "झाली रं बाबा, कळलं! ये जेवाया." एक दिवस गोदीत काम मिळतंय म्हणून मुंबईला गेला. पंचावन साल असंल, का छप्पन. मला एवढं लिहितावाचता येत नाय, पण त्या वर्साला आमची गाय व्यायली होती, ते ध्यानात हाय. गेला तो गेला. पत्र नाय, निरोप नाय. मेला म्हणावं तर तशी पण खबर नाय. म्हातारी तीस वर्सं त्याचं ताट पालथं घालून ठेवायची, मोडीत काढू द्यायची नाय.

आता लाजेची गोष्ट सांगते. माझ्याकडं बघू नकोस. दिव्याकडं बघ.

त्या शनवारी गावात हळद होती, म्हणून ओटीवर आमी दोघीच. सिनेमात एका बाईचा पोरगा जत्रेत हरवतो. ती गावोगाव फिरते, दारोदार विचारते. म्हातारीनं माझा हात धरला होता. तिचा हात थंडगार. पुन्हा पुन्हा विचारत होती, "गावंल ना गं, मोती? गावंल ना?"

आणि माझ्या अंगात आलं. आवाजाचं बटण असतं ना, ते मी हळूच फिरवलं. शून्यावर. समोर दिसत होतं, त्या बाईला पोरगा गावला, दोघं गळ्यात पडून रडत होते. आवाज मात्र काय नाय.

म्हातारीनं मान वर केली. "संपला का गं?"

"संपला."

"पोरगा गावला का?"

मी म्हणले, "नाय गावला. मेला तो. पटकीनं."

तोंडात पदर कोंबून मी हसत होते, हिरू. वाटलं, जरा वेळानं सांगू गंमत केली म्हणून. तेवढ्यात बायका आल्या बोलवायला, "मोतीबाई, चल, तुझ्याशिवाय हळदीला मजा नाय." मी गेले. तिकडं नवरदेवाच्या काकाच्या धोतराला शेपूट बांधलं. अशी हसले, अशी हसले... आणि विसरले.

घरी आले तर म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडलेली. जेवली नव्हती. चांगोचं ताट तिनं सरळ करून ठेवलं होतं, इतर ताटांत. मी बघितलं. मला कळलं, सिनेमातला पोरगा तिनं चांगोच धरला. कळलं नाय असं नाय. म्हणले, आता झोपलीय, सकाळी सांगू.

सकाळी ती उठलीच नाय.

तुला वाटंल, तेव्हा तरी मला लाज वाटली असंल. नाय वाटली. मी मोठ्यानं रडले, लोकांनी मला धरलं, आणि पोटात मात्र एक कुलूप घालून टाकलं. चौथ्या दिवशी तर माझ्या मनात दुसरंच. शनवार जवळ आला, सिनेमा कोणता लागंल? आता सुतकाच्या घरात टीव्ही कसा लावणार? ओटीवर त्याच्यावर चादर टाकलेली. भावकी रोज येऊन बसायची.

मी यांना म्हणले, "ओटीवर टीव्ही बरा दिसत नाय. आयच्या सुतकात कुणी पोरानं चालू केला तर? उचलून नव्या न्हाणीत ठेवा, फळीवर."

यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, माझ्या आयचं किती मन राखते."

मी खाली मान घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

विजेचं काम करायला खालापूरचा युनूस. भला माणूस. भेटायला आला होता, यांनीच त्याला म्हटलं की आलायस तर न्हाणीत एक दिवा देऊन जा, माणसं हातपाय धुवायला जातात, अंधार असतो. मी मागनं गेले.

"युनूसभाई, दिव्याबरोबर एक प्लग पण काढ. आणि छपरावरची अँटिनाची वायर कौलातनं आत घे."

तो फळीकडं बघतच राहिला. "वहिनी, पाण्याच्या जागेत करंट? मरायचंय का?"

"मेले तर सुतक वाढंल. सवयच झालीय आता."

"तुमच्यापुढं कोण बोलणार!" तो हसला. पण काम चोख केलं. फळीला खाली लोखंडी कोन लावले, प्लग वर उंच बसवला, शिंतोडे उडू नयेत म्हणून. जाताना म्हणाला, "वहिनी, ओल्या हातानं बटणाला हात लावू नका. आणि म्हातारीला जाऊन आठवडा तरी होऊ द्या."

हे दुसरं तो हळू बोलला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनवार आला. सातवा दिवस. दिवेलागण झाली होती. ओटीवर भावकी बसलेली, हे घोंगडीवर. मी म्हणले, अंग दुखतंय, कढत पाण्यानं आंघोळ करते. आत गेले, कडी घातली. चूल पेटलेली, हंड्यातनं वाफ येत होती. दिवा लावलाच नाय, दाराखालनं कळायला नको. पेटीचं दार सरकवलं, बटण दाबलं. निळा उजेड पडला साऱ्या लादीवर. आवाज अगदी बारीक ठेवला. मधनंमधनं तांब्याभर पाणी लादीवर ओतायचं, बाहेर वाटावं आंघोळ चालू हाय. अशी माझी हुशारी.

थोडा वेळ छान गेला. मग वास आला.

मिश्रीचा. तंबाखू भाजल्याचा. म्हातारी लावायची, मी नाय लावत. मला वाटलं चुलीत काय तरी पडलं. वाकून बघितलं. नुसती लाकडं.

वर बघते तर टीव्हीचा आवाज गेला. चित्र चालू, माणसं बोलतायत, तोंडं हलतायत... आवाज नाय. मी बटण फिरवलं. सगळं फिरवलं. काय नाय. हंड्यातलं पाणी तेवढं खदखदत होतं.

आणि माझ्या कानाजवळ, अगदी पेटीच्या बाजूनं...

"संपला का गं?"

मी बटण तसंच धरून ठेवलं. 

"पोरगा गावला का?"

हिरू, एक शब्द बोलायचा होता. गावला. एवढाच. ती दुसरं काय मागत होती? पण दाराबाहेर दहा माणसं. मी बोलले तर विचारणार, न्हाणीत कुणाशी बोलतेस? दार उघडणार, टीव्ही चालू दिसणार. सासूच्या सातव्याला मोतीबाई सिनेमा बघते. आणि मग दुसरी गोष्ट पण निघणार. मी पदराचा बोळा तोंडात घातला. तोच पदर, तसाच. त्या वेळी हसू दाबायला घातला होता.

"मोती?... गावला का गं?"

मी बोळा अजून आत कोंबला.

मग एकदम आवाज आला टीव्हीचा, मोठ्यानं, आणि मी बटण खेचून बंद केलं. बाहेरनं हे ओरडले, "काय झालं गं?" म्हणले, "कुठं काय, तांब्या पडला." दिवा लावला. पेटीच्या बाजूला सगळी वाफ साचलेली, थेंब धरलेले. आणि जिथनं आवाज येतो त्या जाळीजवळ एवढीशी जागा कोरडी. कानाच्या आकाराची. खाली गालाएवढी. कुणी टेकून बसावं तशी.

दहाव्याला पाताळगंगेवर गेलो. आमच्यात बायका पण जातात, जरा लांब उभ्या राहतात. पिंड ठेवला. कावळे होते की, झाडभर होते. एक पण खाली येईना. हे हात जोडून म्हणाले, "आय, म्हशीला विकणार नाय." नाय आला. "आय, चांगोला शोधीन, मुंबईला जाऊन शोधीन." एक कावळा उतरला. पिंडाजवळ गेला, मान वाकडी केली, आणि पिंडाला न शिवता चालत आला. माणसांच्या पायांतनं. आला तो माझ्यासमोर उभा राहिला. मान वाकडी, एक कान वर असल्यासारखी.

भावकीतल्या एका जाऊबाईनं मला ढोसलं, "मोती, तूच सेवा केलीस तिची. तुला ठाऊक असंल काय राहिलंय. बोल की."

सगळे माझ्याकडं बघत होते. हे बघत होते, असे... विश्वासानं.

मी म्हणले, "मला काय ठाऊक?"

कावळा उडून गेला. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला, त्यालाच शिववलं, आणि आमी घरी आलो. त्या दिवशी जी लाज पोटात शिरली ना, ती अजून जेवते माझ्या ताटात.

सुतक फिटल्यावर टीव्ही ओटीवर आणला. चित्र दिसायचं, आवाज नाय. युनूसनं दोनदा उघडून बघितला. "वहिनी, काय बिघडलेलं नाय यात." तो परत न्हाणीत ठेवून बघितला, तर आवाज खणखणीत! यांना वाटलं, वायरीची भानगड. मी म्हणले, राहू दे तिथंच. मग मी दर शनवारी आत जाऊन बसायला लागले. मधेच आवाज जायचा, मिश्रीचा वास यायचा, ती विचारायची. आता मी सांगायचे, मोठ्यानं, "गावला, आय. पोरगा गावला. मी खोटं बोलले होते."

ती विचारायची, "मग कुठाय?"

त्याला काय सांगू? दर शनवारी हेच. गावला, आय. मग कुठाय? हे गेले दोन वर्सांमागं, त्यांना पण नाय सांगितलं. तोंड उघडलंच नाय. टीव्ही पण बंद पडला. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी वायर खाल्ली, अँटिना वाऱ्यानं गेली. तरी शनवारी काच निळी होते. तुला सांगितलं ना, खरं मानू नकोस.

पण आज तुला हे का सांगितलं, ते ऐक. गेल्या शनवारी मी म्हणले, "गावला, आय." आणि तिनं विचारलं नाय, कुठाय म्हणून. सहा वर्सांत पहिल्यांदा. मी वाट बघितली. मग लादीवर पाणी सांडल्याचा आवाज आला, आणि...

थांब. न्हाणीतली चूल मी पेटवलेली नाय आज. बघ, हात लावून बघ न्हाणीच्या भिंतीला. गरम हाय ना?

ठक.

हलू नकोस.

ठक... ठक.

ऐकलंस? घरात मी एकटी राहते, हिरू. तांब्या तो बघ, तुझ्या पायाजवळ हाय.

तिला गावला तिचा पोरगा. बरं झालं. मला बरंच वाटायला पायजे. पण तिच्या पहिल्या प्रश्नाला तरी माझ्याकडं उत्तर होतं. आता तो विचारणार, वहिनी, मी जिता असताना माझ्या आयला मेला म्हणून का सांगितलंस? माझं ताट का हलवायला लावलंस? त्याला मी काय सांगू? गंमत केली?

ही घे तुझी चाळण. दोन ताटं वाढायची हायत मला, आंघोळ झाली त्यांची. मागं बघू नकोस, पुढच्या दारानं जा. जा बाई आता.