मोजता येईल असं कारण

शांतवन उजागरेंनी डोळे मिटले आणि यंत्राने जाहीर केलं, की अर्जदार झोपले आहेत, मुलाखत पुन्हा सुरू करावी लागेल. रूथने कपाळावर हात मारला. पप्पांना साधा चहा प्यायचा असला तरी आधी प्रार्थना लागते, आणि टेबलावरचं हे डब्याएवढं यंत्र मिटलेल्या डोळ्यांना झोप समजतं. कुणाकुणाला समजवायचं माणसानं?

पप्पांच्या छातीत कृत्रिम हृदय होतं. त्याला चालवणारी ऊर्जापेशी संपत आली होती आणि नव्या पेशीसाठी लागणारा धातू जगभर दुर्मिळ झाला होता. म्हणून हृदय मंडळाने हा प्रयोजनमापक घरोघरी पाठवायला सुरुवात केली. आवाज, नाडी आणि उत्तरं तपासून तो ठरवायचा, की या माणसाकडे जगण्याचं काही कारण आहे का. कारण भक्कम असेल तर पेशी मिळायची. नसेल तर आहे ती संपेपर्यंत जगा, विषय संपला. कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातून हे निघालं देव जाणे, असं रूथ येताजाता म्हणायची.

प्रार्थना आटोपून पप्पांनी शांतपणे उत्तर दिलं. "देवानं मला निर्माण केलं, तोच मला सांभाळतो. त्याला ओळखावं, त्याचं होऊन जगावं, एवढ्यासाठी मी आहे."

उत्तर प्रामाणिक असल्याचं यंत्राने मान्य केलं आणि मोजता येईल असं प्रयोजन मागितलं.

रूथ मध्ये पडली. पप्पा चर्चमधल्या मुलांना पेटी शिकवतात, त्यांच्यावाचून मुलांचं अडेल, असं तिने ठोकून दिलं. त्यावर पप्पांनीच तिला खोडून काढलं. बोटं थरथरायला लागल्यापासून त्यांनी पेटी सोडली होती, आणि आता शिकवणारा मुलगा त्यांच्याहून बरा शिकवत होता. यंत्राने तेही टिपून घेतलं. या दोघांना एका खोलीत कोंडावं आणि आपण चालतं व्हावं, असं रूथला झालं.

तिने पप्पांना आत नेलं आणि हात जोडले. खोटं बोलू नका, पण निदान गप्प तरी बसा. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही गेल्यावर तुमचा देव येणार आहे का मला सांभाळायला?" बोलली आणि रडू लागली.

"आजवर तोच सांभाळतोय, बाळा," पप्पा म्हणाले. "मी कामाचा होतो म्हणून त्यानं मला ठेवलं नव्हतं. आता कामाचा नाही म्हणून टाकणारही नाही. हे मी त्या डब्यासमोर कसं नाकारू?"

दोघं बाहेर आली तेव्हा यंत्राला रूथची साक्ष हवी होती. सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही तोच प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तरही अर्जात धरायचं, असा नियम होता. तुमच्या जगण्याचं प्रयोजन काय?

"पप्पांना जगवणं," ती ताडकन म्हणाली. औषधं, तपासण्या, पथ्याचं जेवण, त्यापायी सोडलेली नोकरी, सगळं तिने धडाधड सांगितलं. नाडी स्थिर, प्रयोजन भक्कम, मोजता येण्याजोगं. या उत्तरावर पेशी मंजूर होऊ शकते, असं यंत्र म्हणालं. रूथने सुटकेचा निःश्वास टाकला.

"मात्र हे प्रयोजन तुमच्या वडिलांबरोबर संपेल," यंत्र पुढे म्हणालं. "त्यानंतरचं सांगा."

रूथला भयंकर राग आला, यंत्राचा, मंडळाचा, पप्पांचा, आणि राग ओसरला तरी उत्तर येईना.

इतका वेळ निवांत बसलेल्या पप्पांच्या चेहऱ्यावर आता भीती दिसली. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पेशीचं राहू दे," ते म्हणाले. "तू कशासाठी जगणार आहेस, रूथ?"