उलटा टाका

चाळीस वर्षं लोकांच्या फाटक्या कोटांशी संसार केलेल्या बाईला चित्रांतलं काय कळतंय, असं रफूवाल्या बाई स्वतःच सगळ्यांना सांगत. पण नवरा हृदयाच्या ऑपरेशनमधून वाचला, म्हणून लेकीने दोघांना शहराची सहल भेट दिली होती. दुपारी चित्रप्रदर्शन आणि चार वाजता वाद्यवृंदाची मैफल. नाही म्हणायची सोयच नव्हती.

पाचव्या दालनात नवरा एका भल्यामोठ्या चित्रापुढे थांबला. मैफल नुकती संपलेली, अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय, आणि मधल्या रांगेत एक माणूस तेवढा हनुवटी छातीला टेकवून बसलेला.

"लागली डुलकी!" नवरा हसला. "माझाच भाऊ दिसतोय."

बाईंना हसू आलं नाही. एवढ्या टाळ्यांत कुणाला झोप लागते का? सवयीने त्यांची नजर आधी त्या माणसाच्या कोपरावर गेली होती. करड्या कोटाच्या उजव्या बाहीवर बोटभर रफू होतं आणि शेवटचा टाका उलटा होता. ही खोड फक्त त्यांची. काम शिकवताना सासूबाईंनी त्यापायी हातावर पट्ट्या मारल्या, तरी ती सुटली नव्हती.

"किती जुनं हो हे?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"शंभर वर्षं तरी असेल. जरा मागे व्हा, बाई."

नवऱ्याच्या अंगातही करडाच कोट होता. बाईंनी त्याची दोन्ही कोपरं चाचपून पाहिली. धड होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मैफलीच्या हॉलमध्ये कुणाला तरी वाट द्यायला नवरा उठला आणि खुर्चीच्या स्क्रूत बाही अडकली. टर्रकन आवाज झाला. उजवं कोपर.

"घ्या! पण आपल्याला काय चिंता, घरचाच कारागीर आहे. घाल दोन टाके."

"सुई नाही आणली," बाई म्हणाल्या. सुई पर्समध्येच होती.

"तू? आणि सुईशिवाय?"

"अहो, आपण जाऊ या ना. मला बरं वाटत नाहीये."

"अगं, चार महिने अंथरुणाला खिळलो होतो. आज नको ना उठवूस मला."

त्याचा चेहरा इतका खुश होता की बाईंना पुढे बोलवेना. पण मनाशी त्यांनी ठरवून टाकलं. मी टाका घातलाच नाही, तर चित्रातला माणूस हे कसे असतील? या माणसाशिवाय त्यांना एक दिवससुद्धा नको होता. त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली.

दिवे मंदावले, व्हायोलिनं सुरू झाली. नवऱ्याने डोळे मिटले. त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती. बाई वाद्यांकडे न बघता त्या बोटांकडेच बघत राहिल्या.

मग बोटं थांबली. हनुवटी छातीला टेकली.

बाईंनी हळूच त्याच्या कोपरावरून हात फिरवला. फाटलेलं कुठेच लागेना. बारीक, घट्ट वीण होती. अंगठा शेवटच्या टाक्याशी अडखळला.

उलटा.

पर्स त्यांच्या मांडीवर बंदच होती.

त्यांनी ती उघडून छोटी कात्री काढली आणि टाका कापला. मग दुसरा. मग तिसरा. धागा ओढला की खालून पुढचा टाका वर येई.

"अहो," त्या पुटपुटत होत्या, "थांबा हं. झालंच."

वाद्यं थांबली. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. बाई खाली मान घालून उसवत होत्या. मांडीवर करड्या दोऱ्याचा ढीग झाला होता आणि कोपर अजून शिवलेलंच होतं.