दीड सेकंद उशिरा

त्याने काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला, झाकण उघडलं आणि अपराध्यासारखा म्हणाला, "यात कॅमेरा आहे."

तिने भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. काठोकाठ तांदूळ होते.

"आम्ही कॅमेरे दुरुस्त करतो," ती म्हणाली, "शिजवत नाही."

"नाही, म्हणजे… तो धुतला गेलाय. मावशीचा आहे. माझ्या कोटाच्या खिशात राहिला आणि कोट गेला मशीनमध्ये. कोणीतरी म्हणालं, तांदळात ठेवा, पाणी ओढून घेतात."

"किती दिवस ठेवलात?"

"पाच."

"आणि कोट?"

"कोट छान निघाला," तो म्हणाला.

मागच्या खोलीतून तिच्या बाबांनी खोकल्यात लपवलेलं हसू ऐकू आलं. तिने मात्र ओठ घट्ट मिटले. गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसायचं नाही, हा दुकानाचा नियम होता, आणि तो मोडावासा वाटेल असं गिऱ्हाईक कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. तिने तांदळात हात घातला. मदत म्हणून त्यानेही घातला. आत कुठेतरी बोटांना बोटं लागली आणि दोघांनी हात असे झटकन बाहेर काढले की मूठभर तांदूळ काउंटरभर उडाले. कॅमेरा राहिला तळाशीच.

तो एका मासिकात जुन्या वस्तूंवर लिहायचा. या वेळी त्याला दोन जुने डिजिटल कॅमेरे समोरासमोर आणायचे होते, एक खिशात मावणारा आणि एक गळ्यात लटकवायचा. "खिशातला हा," तो डब्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे होता. गळ्यातला अजून शोधतोय."

"गळ्यातला माझ्याकडे आहे," आतून आवाज आला.

बाबांचे हात आता थरथरायचे, म्हणून दुरुस्तीचं टेबल त्यांनी लेकीकडे दिलं होतं. पण कान शाबूत होते. कपाटातून त्यांनी आपला जुना कॅमेरा आणला. काळा, विटेसारखा जड. आत आरसा होता, आणि बटण दाबलं की तो आरसा 'खटॅक' करून वर जायचा. याने त्यांनी ऐन उमेदीची दहा वर्षं पोट भरलं होतं.

"स्क्रू, याला शिकव गं," बाबा म्हणाले.

"स्क्रू?" त्याने विचारलं.

"लहानपणी गिळला होता तिने एक," बाबांनी खुलासा केला. "अजून त्याचा हिशेब लागलेला नाही."

कानांपर्यंत लाल झालेल्या तिने पावती लिहायला घेतली. नावाच्या जागी काय लिहिलं ते त्याला दिसलं नाही. तिथे 'तांदूळवाला' असं लिहिलं होतं.

तीन दिवसांत तिने छोटा कॅमेरा जिवंत केला, तोही पुरता नाही. मागचा पडदा गेला तो गेलाच. केबलची खाच गंजली होती. डोळा लावायच्या भोकात वाफ धरली होती, ती काही निघेना. त्यातून पाहिलं की समोरचा माणूस नुसता पुसट आकार दिसायचा. बटण नखाने, जरा तिरकं दाबलं तरच ऐकायचं. फोटो मात्र आत उतरत होते, कारण वरचा इवलासा आकडा दर वेळी एकाने पुढे सरकत होता. ते बघायचे कसे, हा प्रश्न होता. कार्ड इतक्या जुन्या जातीचं, की आजचा कुठलाही कॉम्प्युटर त्याला ओळख दाखवत नव्हता. त्यासाठी वेगळा रीडर लागणार होता, तो तिने मागवला.

दुरुस्तीच्या चिठ्ठीवर तिने शेवटी लिहिलं : 'बटण दाबताच पीक असा आवाज होतो. फोटो दीड सेकंदाने निघतो. दोष जन्मजात, इलाज नाही.' चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली. त्याने ती कधी वाचली नाही. तांदळात कोण चिठ्ठ्या शोधणार?

सोमवारपासून तुलना सुरू झाली. ऑफिसला जाण्याआधी, सकाळी दहाला, दुकानाच्या दारातून ऊन टेबलापर्यंत यायचं तेव्हा तो यायचा. छोट्याचं बटण त्याच्या जाडजूड बोटांना दाद देईना, म्हणून छोटा तिच्या हातात आणि मोठा त्याच्या गळ्यात, अशी वाटणी झाली. एकाच वेळी, एकाच वस्तूचे दोन फोटो. कधी भिंतीवरचं घड्याळ, कधी स्क्रूंच्या डब्या, कधी फुटपाथवरच्या डबक्यात पडलेलं आभाळ. आणि रोज शेवटी एक चेहरा. चेहऱ्यासाठी तिसरा माणूस कुठून आणायचा? बाबा म्हणाले, "माझा नको, भिंग तडकेल." मग दोघांनी एकमेकांचाच काढायचं ठरलं. काउंटरच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो.

"एक… दोन… तीन," ती मोजायची.

खटॅक. पीक.

तिला माहीत होतं की आपला कॅमेरा अजून विचारच करतोय. म्हणून पीक वाजल्यावरही ती डोळा त्या वाफाळलेल्या भोकाला लावून, श्वास धरून तशीच उभी राहायची. मग आत बारीकसा टक ऐकू आला की हात खाली घ्यायची. तोवर तो मोठा कॅमेरा परत तोंडासमोर धरून, त्याची बटणं चाळवत असायचा. त्याचा चेहरा म्हणून तिला रोज दिसायचं ते एवढंच : काळी वीट, वर विस्कटलेले केस आणि बाजूला घट्ट मिटलेला एक डोळा.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," तो छोट्याकडे बोट दाखवून म्हणायचा. "बघा, हाच जिंकणार."

"जिंकेल. आधी चालू व्हायला त्याला अर्धा दिवस लागतो, तेवढं लिहा."

"काही जणांना वेळ लागतो," तो म्हणाला आणि पट्टा उगाच गुंडाळत बसला. "म्हणून ते वाईट नसतात."

दिवसभर तेच वाक्य तिच्या चिमट्याच्या टोकाशी येऊन बसत होतं, आणि संध्याकाळी तिने एका गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यात स्प्रिंग उलटी बसवली.

बुधवारी दुपारी रीडर आला.

तिने सही केली, पाकीट फोडलं, रीडर हातात घेतला. पाच मिनिटांचं काम होतं. कार्ड घातलं की फोटो बाहेर. ठरलेले दहा दिवस थांबायचीही गरज नव्हती, तिथल्या तिथे निकाल लागला असता. आणि निकाल लागला की तो डबा उचलणार, आभार मानणार आणि जाणार. पुन्हा यायला त्याच्याकडे कारण उरणार नव्हतं. रोज सकाळी साडेनऊपासून आपण दाराकडे बघत असतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. तिने टेबलाचा खालचा खण उघडला, रीडर जुन्या स्प्रिंगांच्या खाली सारला आणि खण बंद केला.

गुरुवारी त्याने विचारलं, "रीडर आला?"

"नाही अजून," ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिला वाटलं, खण आपणहून उघडतोय की काय.

"कुरिअरवाला बिचारा रस्ता चुकला असेल," बाबा आतून म्हणाले. त्यांचा आवाज नको तितका साधा होता.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दहावा चेहरा झाला. तो म्हणाला, "आता फक्त रीडरची वाट." तीही म्हणाली, "हो ना." शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या येण्याचं कारणच नव्हतं, तरी तिने दोन कप चहा केला आणि दोन्ही कप थंड झाल्यावर बाबांनी एक मुकाट्याने पिऊन टाकला.

शनिवारी दुपारी चारला तो आला. ऊन टेबलावर नव्हतं, आणि त्याचा चेहराही रोजचा नव्हता.

"मला दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बोलावलंय," त्याने मोठा कॅमेरा काउंटरवर ठेवला. "दोन वर्षांसाठी. आज सहापर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे."

"अरे वा," ती म्हणाली. "अभिनंदन."

"जाऊ म्हणता?"

"मी कोण सांगणारी? संधी आहे. संधी काय रोज येते?"

"नाही… रोज नाही येत." तो मोठ्याचा पट्टा गुंडाळू लागला. "तुम्हांला काहीच… म्हणजे, बरं. लेखात मोठ्याचेच फोटो जातील मग. छोट्याबद्दल नुसतं लिहीन. थोडा अन्याय होईल त्याच्यावर."

तिने मान हलवली. त्याने तांदळाचा डबा उचलला. दोन आठवडे तो डबा काउंटरच्या कोपऱ्यात होता आणि त्याने एकदाही नेला नव्हता. आता मावशी मागतेय म्हणाला. डब्याखालची गोल जागा तेवढी स्वच्छ होती, बाकी काउंटरवर धूळ. ती त्या गोलाकडे बघत राहिली.

तो दारापर्यंत पोचला.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," बाबा आत शब्दकोडं सोडवत मोठ्याने पुटपुटले. "सहा अक्षरी काही बसतंय का बघतोय."

आता गप्प राहिलं तर तो आपल्याबद्दल चांगलं मत घेऊन जाईल, आणि बोललं तर खोटारडी समजून. पण पहिल्यात तो जातोच. तिने खण उघडला. स्प्रिंगा खणखणत खाली पडल्या.

"थांबा," ती म्हणाली. "रीडर आलाय."

तो वळला. "आत्ता?"

"गेल्या आठवड्यातल्या… बुधवारी."

तो डबा छातीशी धरून उभा राहिला. तिने मान वर केली नाही. "फोटो बघून झाले की तुम्ही याल कशाला, म्हणून लपवला. झालं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

हळूच येऊन त्याने डबा पुन्हा त्याच गोलावर ठेवला. "लावा बघू," एवढंच बोलला.

फोटो एकेक करून पडद्यावर आले. घड्याळ. मोठ्याचं घड्याळ इतकं स्वच्छ की काट्यावरची धूळ मोजावी. छोट्याचं जरा तांबूस, जरा मऊ, जुन्या आठवणीतलं असावं तसं. डबकं, डब्या… आणि मग चेहरे आले.

पहिल्या दिवशीचा चेहरा पाहून तिचा हात थांबला. फोटोत काळी वीट नव्हती. खटॅक झाल्यावर त्याने कॅमेरा हनुवटीपर्यंत खाली घेतला होता आणि त्यावरून तो तिच्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. चौथ्या दिवशी त्याच्या केसांवर ऊन होतं आणि तो हसत होता, एकटाच, कोणी बघत नाही अशा खात्रीने. नवव्या दिवशी हसत नव्हता. नुसता बघत होता, आणि ते बघणं असं होतं की तिने पडद्यावरून नजर काढून टेबलावर ठेवली.

तो कानशिलांपर्यंत पेटला. "हे… हे कधी काढलेत? पीक तर आधीच वाजायचा!"

"पीक वाजल्यावर दीड सेकंदाने निघतो. मी चिठ्ठीत लिहिलं होतं."

"कुठली चिठ्ठी?"

"तांदळात."

त्याने डोक्याला हात लावला. "मला वाटायचं, तुमचा फोटो निघून गेलाय. तुम्ही आपल्या त्या भोकाला डोळा लावून उभ्या… तेवढाच वेळ मिळायचा मला. नंतर तुम्ही कॅमेरा खाली घेतलात की मी परत आड."

"मला फक्त वाफ दिसायची," ती हळूच म्हणाली. "दहा दिवस. मग दुसऱ्या गावाला कशाला निघालात?"

त्याने तिचे फोटो लावले. दहाच्या दहा. मोठ्या कॅमेऱ्याने बरोबर 'तीन'च्या ठोक्याला टिपलेले, आणि प्रत्येकात ती गोड हसत होती. "यांच्यावर जगलो मी इतके दिवस. वाटलं, ही मला बघून हसते. मग परवा रात्री आरशासमोर उभा राहून सहज 'तीन' म्हणून पाहिलं. माझंही तोंड असंच झालं. 'तीन' म्हणताना कोणाचंही होतं. म्हटलं, वेड्या, ती हसत नाहीये, मोजतेय."

तिला रडू आणि हसू दोन्ही एकदम आलं. दुकानाचा नियम मोडला तो मोडलाच.

"उचला तो," ती मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आता मी मोजणार नाही."

त्याने वीट डोळ्याला लावली. ती काउंटरपलीकडे उभी राहिली, ओठ मिटून. एक नाही, दोन नाही, तीन नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं.

खटॅक.

त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काय दिसलं ते तिला दाखवलं नाही. बराच वेळ तो एकटाच बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला, घड्याळाकडे एक नजर टाकली आणि नंबर लावला. सहाला अजून बराच वेळ होता.

तो दाराशी पाठमोरा उभा राहून बोलत होता. "हो सर… विचार केला. नाही, येत नाही मी… नाही, पगाराचं नाही…" तिने काउंटरवरचा छोटा कॅमेरा उचलला, कार्ड परत आत सरकवलं, आणि बटण नखाने, जरा तिरकं दाबलं.

पीक.

आवाजासरशी त्याने वळून पाहिलं. फोन अजून कानाला होता.

"परत?" तो म्हणाला. "आणि न मोजता?"

"गप्प उभा राहा," ती म्हणाली. 'उभा' म्हणाली, 'उभे' नाही, आणि ते त्याच्या लक्षात आलं. "अजून निघायचाय."

तो गप्प उभा राहिला. तीही श्वास धरून उभी राहिली, रोजच्यासारखी. फक्त या वेळी तिने कॅमेरा डोळ्याला लावला नव्हता.