शिट्टी वाजेपर्यंत

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाची मनधरणी करायची नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. जिच्यासोबत हे घडलं ती मुलगी आज कॉलेजात शिकतेय आणि ठणठणीत आहे.

वार गुरुवार. वेळ संध्याकाळी साडेसहाच्या पुढची.

जागा... आमच्या हायस्कूलचं फुटबॉलचं मैदान.

मी तिथे कोच आहे. माझ्या आधी एकतीस वर्षं माझे बाबा होते. ते निवृत्त झाले आणि मी अर्ज केला, तेव्हा "बाई काय फुटबॉल शिकवणार" असं म्हणणारे पुष्कळ निघाले. दोन वर्षांत मुलींची टीम उपांत्य फेरीत नेली आणि सगळ्यांची तोंडं बंद केली. मी बाबांचीच मुलगी. आमच्या घरात माघार कुणाला जमत नाही.

बाबांच्या दोन गोष्टी मात्र मला कधी कळल्या नाहीत.

एक म्हणजे, ते शिट्टी वापरत नसत. फुटबॉलचा कोच आणि गळ्यात शिट्टी नाही. टाळ्या वाजवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "टाळी घरी विसरत नाही."

दुसरी म्हणजे, सराव संपला की सगळ्यांना घरी पाठवून ते एकटेच मागे राहायचे. तासाभराने घरी यायचे तेव्हा शर्ट घामाने चिंब. निवृत्त झाल्यावरही रोज मैदानावर जात होते. दवाखान्यात दाखल केलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. आम्ही म्हणायचो, मैदानाचं वेड आहे म्हाताऱ्याला.

ते गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी तो गुरुवार आला.

शनिवारी उपांत्य सामना होता. आमची लेफ्ट विंगर अर्धा तास उशिरा आली. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, पायात तसा वेगच होता. मला राग आला. रागाच्या बाबतीत मी बाबांवर गेले आहे.

"मी थांब म्हणेपर्यंत पळत राहायचं," मी तिला सांगितलं.

बाकीच्या मुली घरी गेल्या. मी सामानाच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत बसले. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शनिवारची बस, ड्रायव्हर, पालकांच्या सह्या... बोलणं लांबत गेलं.

आणि मी भिंगरीला विसरले.

साफ विसरले. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं ठरवलंय.

फोन ठेवला. खोली शांत झाली. तेव्हा बाहेरून आवाज आला...

धप. धप. धप. धप.

मैदानाभोवतीच्या मातीच्या धावपट्टीवरून कुणीतरी पळत होतं. मला भिंगरी आठवली. मी दाराकडे धावले.

दारातच थांबले.

पावलं दोघांची होती.

बाहेर अजून उजेड होता. पूर्ण धावपट्टी दिसत होती. भिंगरी एकटीच पळत होती... पण बाहेरच्या कडेने. आतली बाजू तिने मोकळी सोडली होती. एका माणसापुरती.

तिची मान त्या बाजूला किंचित वळलेली होती. शेजारच्याचं बोलणं ऐकावं तशी.

मी हाक मारली. तिने पाहिलं नाही. टाळ्या वाजवल्या. नाही. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. श्वास घशात अडकत होता, आणि पाय मात्र थांबत नव्हते.

खोलीतल्या टेबलाच्या खणात एक जुनी शिट्टी होती. मी ती काढली आणि जीव खाऊन फुंकली. तीनदा.

भिंगरी थांबली नाही.

आणि दुसरी पावलं... जोरात पळायला लागली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. म्हटलं, भ्यायचं नंतर बघू, आधी पोरगी. मी आडवी धावले, तिला कमरेला धरलं आणि ओढत गवतावर आणलं. आम्ही दोघीही पडलो. तिचे पाय पडल्यावरही हवेत हलत होते.

थोड्या वेळाने ती भानावर आली.

"मॅडम, तो म्हणाला, शिट्टी वाजली की थांबायचं."

"वाजवली की मी. तीनदा."

"तुमची नाही म्हणाला." तिने धावपट्टीकडे पाहिलं. "सरांची."

मी तिला स्वतः घरी सोडलं. तिच्या आईची माफी मागितली. तिने मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. माझ्या वाट्याचेच होते ते.

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच राहिला.

"तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "आता ते नाहीत, तर सांगते. त्यांच्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एक गोलकीपर होता, चौदा वर्षांचा. सरावाला उशिरा आला. यांनी सांगितलं, शिट्टी वाजेपर्यंत पळ. तेवढ्यात ऑफिसातून शिपाई धावत आला. दवाखान्यातून फोन होता."

"कुणाचा?"

"माझा, बाई. तू होत होतीस."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"हे तसेच धावत आले. तुला हातात घेतलं. रडले, हसले. आणि रात्री दहा वाजता एकदम उभे राहिले." आईने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "पोरगं सरळमार्गी गं. शिट्टी वाजली नाही, म्हणून थांबलं नाही. छाती फुटेस्तोवर पळालं."

चौकशी झाली होती. लोक दारावर आले होते. आईसुद्धा म्हणाली होती, सोडा ही शाळा, दुसरीकडे जाऊ. बाबा म्हणाले, "तो अजून मैदानावर आहे. मी कसा जाऊ?"

"शिट्टी का नाही वाजवली त्यांनी? नंतर?"

"रोज तोंडात धरायचे. फुंकर निघायची नाही. मग एके दिवशी शिट्टी ठेवून दिली आणि त्याच्याबरोबर पळायला लागले. म्हणायचे, एकट्याला कसं पळू द्यायचं?"

नोकरीतली जवळजवळ तीस वर्षं. आणि निवृत्तीनंतरची तीन.

मला ओक्साबोक्शी रडू आलं. आणि तितकाच रागही आला. बाबांचा, माझा, त्या मुलाचाही. जन्मले त्या दिवसापासून माझ्या नावावर हे लिहिलेलं, आणि मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी सराव संपला. मुलींना घरी पाठवलं, फाटकापर्यंत जाऊन एकेक मोजून. मग बुटाच्या नाड्या आवळल्या आणि धावपट्टीवर जाऊन उभी राहिले.

"ऐक," मी मोठ्याने म्हटलं. "चूक आमच्या घरची आहे. ती मी घेते. पण माझ्या पोरींपैकी एकीलाही पुन्हा सोबत न्यायचं नाही. पळायला कुणी हवं असेल तर मी आहे."

बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या बाजूला...

धप. धप. धप.

मी पळायला लागले.

शनिवारचा सामना आम्ही एका गोलने हरलो. भिंगरी पूर्ण वेळ खेळली. त्यानंतर एकाही मुलीला काही झालेलं नाही.

गोष्ट मात्र बाहेर फुटली. मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात टेबलावरचं काम देऊ केलं. काकांनी दुसऱ्या शाळेत शब्द टाकला. मैत्रीण म्हणते, तुझं काय अडलंय तिथे? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी सगळ्यांना एकच सांगते, मैदान सोडणार नाही. ज्याला भीती वाटते त्याने फाटकाबाहेर थांबावं.

मलाही वाटते. खोटं कशाला बोलू? रोज वाटते.

काल नवव्या फेरीला मला दम लागला. गुडघ्यांवर हात टेकून थांबले. वाटलं, पावलं पुढे निघून जातील.

गेली नाहीत. माझ्या शेजारी येऊन... जागच्या जागी पळत राहिली.

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याचा आवाज ऐकला. आवाज फुटायच्या वयाचा. दमलेला.

"सर येतायत ना?"

मी सगळ्या गावाला तोंड दिलंय. या पोराला खरं सांगायला मात्र माझी जीभ उचलली नाही.

"चल," मी म्हटलं. "अजून एक फेरी."