खाली वळवलेला आरसा

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही लिफ्ट उगाच अडकत नाही, शोधलं की कारण सापडतंच, यावरच माझं पोट चालतं. त्या रविवारचं कारण मात्र मला सापडलेलं नाही. आणि शोधायला गेलो, तर आधी माझीच लाज निघते.

पानगळीच्या दिवसांत सुट्टीला मी आणि भाऊजी मोटरसायकली काढून डोंगरातल्या रस्त्यानं माथ्यापर्यंत जातो. भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, औषधांचं दुकान चालवतात आणि गाडीही गोळ्या मोजून द्याव्यात तशी चालवतात. प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक वळणावर ब्रेक. आमचा नियम एकच. पुढच्यानं आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं.

नियम ताईचा. त्या सकाळी तिनं माझ्या उजव्या हातमोज्याचा उसवलेला अंगठा शिवून दिला. काळा दोरा हाताशी नव्हता, म्हणून लाल दोऱ्यानं.

"त्यांना मागे टाकून पळू नकोस हं. तुझं काही खरं नसतं."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस."

ऊन छान होतं. रस्ताभर पिवळी पानं, दरीतून ओल्या लाकडाचा वास. आरशात भाऊजींचा दिवा रेंगाळत येत होता. दर वळणाला मला त्यांच्यासाठी हळू व्हावं लागत होतं. शेवटी वैतागलो आणि आरसा खाली वळवला. दिवा दिसलाच नाही तर थांबायला नको, एवढाच विचार होता. मग मात्र गाडी अशी पळवली की बस!

माथ्यावरच्या दुकानात चहा घेतला. दुसरा घेतला. भाऊजींचा पत्ता नाही. डोंगरात फोनही लागत नव्हता.

"तुमच्या मागून कुणीच वर आलं नाही," दुकानदार म्हणाला.

चहाचे पैसे ठेवले. तसाच उलटा निघालो.

अर्ध्या वाटेवर एका वळणाशी त्यांची गाडी आडवी पडलेली. भाऊजी कठड्याला टेकून बसले होते. पाय वाकडा झाला होता, पण गुडघ्यावर रुमाल घट्ट, नीट बांधलेला. चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही.

"आलास? मिळालं पाणी?"

डोक्याला मार लागलाय, असं मला वाटलं. मी हो म्हणालो.

एका जीपवाल्याला थांबवून त्यांना हॉस्पिटलात आणलं. ताई धावत आली. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून तिला सगळं कळलंय असं वाटलं. मी तोंड उघडणार, तोच भाऊजी बोलले.

"त्याला ओरडू नकोस. मी पडलो आणि हा लगेच मागे आला. सगळा वेळ हात धरून बसला होता. पाणी आणायला गेला तेवढाच."

ताईनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "आणि मी तुला काय काय बोलले रे," म्हणून ती रडायला लागली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली. लाजेनं कान तापले होते, आणि तरी ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, ते मला हवंसं वाटत होतं.

भाऊजींनी उशीखालून एक हातमोजा काढला. "हा माझ्याकडेच राहिला तुझा."

उजव्या हाताचा. अंगठ्यावर लाल दोरा.

ताईनं टाक्यावरून बोट फिरवलं. "टिकलाय की."

मी जॅकेटच्या खिशात हात घातला. माझे दोन्ही हातमोजे तिथंच होते. अंगठ्यावरचा टाका बोटाला लागला.

"एक मात्र कळलं नाही," भाऊजी म्हणाले. औषधानं त्यांची जीभ जड झाली होती. "सारखा वरच्या रस्त्याकडे बघत होतास. म्हटलं, कुणाची वाट बघतोस? तर म्हणालास, तो परत येतोय का बघतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हणालास, नाही आला तर तुम्हाला घेऊन घरी मीच जाईन. ताईला काही कळायचं नाही."